पेनने लिहिलेल्या अटी

मालिकांतल्या कलाकारांच्या अटी हा आपल्या व्यवसायात चवीने चघळला जाणारा विषय आहे. अमक्याला रात्री नऊनंतर कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे नाही, तमकीला लीपनंतर वीस वर्षांच्या मुलाची आई व्हायचे नाही, कुणाला शनिवार-रविवार नाटकासाठी मोकळे हवेत, कुणाला जवळिकीचे प्रसंग नकोत. मेकअप रूममध्ये या गोष्टी रंगतात आणि चॅनलच्या विधी विभागात त्यांची संभावना ‘नखरे’ या एका शब्दात होते. आमचे मत वेगळे आहे. यातल्या बहुतेक अटी चमत्कारिक वाटतात, कारण छापील करारात त्या विषयावर एक ओळही नसते. कलाकार पेनने जे लिहून मागतो, ते बहुधा मसुदा करणाऱ्याने सोडून दिलेले असते. त्यामुळे निर्मात्याने या अटींकडे तक्रारवहीसारखे पाहावे.

बालकलाकारांचेच पाहा. ‘आमच्या मुलाला पाच तासांपेक्षा जास्त थांबवायचे नाही’ असे म्हणणारी आई पूर्वी सेटवर आगाऊ ठरत असे. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी हीच गोष्ट बंधनकारक केली: दिवसाला पाच तासांची कमाल मर्यादा, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम नाही, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक चित्रीकरण नाही आणि उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. या नियमांमुळे मालिकांतली मुले नाहीशी झाली नाहीत; वेळापत्रके बदलली. केरळचा अनुभव याहून बोलका आहे. तिथल्या मल्याळम चित्रपटसृष्टीची पाहणी करणाऱ्या न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाला. लेखी करार नसणे, स्वच्छतागृह नसणे, कपडे बदलायला जागा नसणे हे त्यात नोंदलेले होते. स्वच्छतागृहाची हमी करारात मागणारी अभिनेत्री त्या अहवालाच्या आधी हास्यास्पद ठरली असती. माळावर, गावात किंवा भाड्याच्या वाड्यात युनिट नेणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या करारात आजही ही ओळ आहे?

मराठी मालिकांची म्हणून जी खास अट आहे ती नाटकाची. हिंदीतल्या कार्यकारी निर्मात्याला ती कळत नाही; आपल्याकडच्याला कळते, पण सोयीची नसते. आपला नट मालिकेत ‘पर डे’वर आणि रंगभूमीवर ‘नाईट’वर काम करतो. शनिवारी दुपारी ठाण्याला गडकरी रंगायतन आणि रविवारी दादरला शिवाजी मंदिर असे प्रयोग लागले असतील, तर घोडबंदर रोडवरच्या सेटवरून त्याला कधी सोडायचे हा प्रश्न दर आठवड्याला नव्याने भांडून सोडवला जातो. मालिका आठवड्यातून सहा दिवस, काही तर सातही दिवस दिसू लागल्यापासून हे भांडण वाढले आहे. गंमत अशी की त्या नटाला मालिकेत घेतले जाते ते त्याच्या रंगभूमीवरच्या तयारीमुळेच. चार पानी सीन तो एका टेकमध्ये देतो, याचे कौतुक करायचे आणि ती तयारी जिथून येते तिथे जाऊ द्यायला कुरकुर करायची, हे फार काळ चालणार नाही. महिन्याला ठरावीक प्रयोगतारखा, त्या किती दिवस आधी कळवायच्या आणि तयार एपिसोडची बँक संपली तर कोणी माघार घ्यायची, एवढे तीन मुद्दे छापील करारात आले तर समन्वयकाचे निम्मे फोन वाचतील.

लीपच्या अटीवर सगळ्यांत जास्त हसले जाते, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहू. टीआरपी घसरला की कथा पाच, दहा, वीस वर्षे पुढे जाते. ‘ये रिश्ता क्या कहलाता है’ जानेवारी २००९ पासून सुरू आहे आणि २०२१ व २०२३ च्या लीपमध्ये तिथे मुख्य जोडीच बदलली. म्हणजे कथा पुढे नेताना कलाकार बदलण्याची मोकळीक निर्माता घेतो आणि त्यात गैर काही नाही. मग त्याच वळणावर बाहेर पडण्याची मोकळीक अभिनेत्रीने मागितली तर ती अहंकारी कशी? तिने सही केली ती एका वयाच्या, एका स्वभावाच्या भूमिकेवर. पंचविशीतल्या मुलीने एकदा पांढऱ्या बटा लावल्या की पुढची पाच वर्षे तिला आईच्याच भूमिका विचारल्या जातात, हे कास्टिंग करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हेच व्यक्तिरेखेच्या मृत्यूनंतरही. हार घातलेली तसबीर भिंतीवर महिनोन्महिने टांगलेली राहते आणि जिचा चेहरा त्यात आहे तिला त्याचे काही मिळत नाही. त्या तसबिरीबद्दल तिने अट घातली तर ती अंधश्रद्धा म्हणून उडवून लावू नये. चेहऱ्याच्या वापराचा तो साधा व्यवहार आहे.

पैसे आणि बंधने यांबाबत तर विचित्र कलाकार आहे की करार, असा प्रश्न पडतो. मानधन नव्वद दिवसांनी देण्याची प्रथा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तीस दिवसांत मागणारा हटवादी ठरतो. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मधून २०२२ मध्ये बाहेर पडलेल्या शैलेश लोढा यांनी थकीत मानधनासाठी दिवाळखोरी कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे धाव घेतली आणि २०२३ मध्ये एक कोटीहून अधिक रकमेवर तडजोड झाली. दिवाळखोरीचा कायदा नटाला वापरावा लागतो, तेव्हा आपल्या करारातील पैसे देण्याचे कलम कुचकामी आहे हे उघडच होते. एक्सक्लुझिव्हिटीचेही तसेच. ‘भाभीजी घर पर हैं’ या मालिकेतून शिल्पा शिंदे २०१६ मध्ये बाहेर पडल्या तेव्हा इतरत्र काम करण्यावरची बंदी हा वादाचा एक मुद्दा होता. करार चालू असताना असे बंधन घालता येते. करार संपल्यावर मात्र १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ आडवे येते. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये करारोत्तर ‘पहिला नकार आमच्याकडे’ असे कलमही टिकू दिले नाही. तरी अशी कलमे छापली जातात, आणि ती खोडून मागणारा नट नखरेल ठरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: टेलिकास्ट थांबत नाही, इतक्या अटी पाळायच्या तर रोजची मालिका होणार कशी? पण टेलिकास्ट सर्वांत जास्त अडकते ते न लिहिलेल्या गोष्टींवरून सकाळी सेटवर उठलेल्या वादाने. लिहिलेली अट वेळापत्रकात आधीच धरता येते. दुसरा आक्षेप खरा आहे: काही मागण्या निव्वळ मिजाशीच्या असतात. सोबतच्या चार माणसांचा आणि दोन गाड्यांचा खर्च निर्मात्याने का सोसावा, हा प्रश्न हिंदी चित्रपटसृष्टीतही उघडपणे विचारला जातो आहे, आणि आम्ही तिथे निर्मात्यांच्या बाजूचे आहोत. अशा मागणीची पारख अवघड नाही. जी सोय युनिटमधल्या कोणत्याही कलाकाराला लागू शकते ती गरज. जी एकालाच मिळाली तरच तिला किंमत राहते ती मिजास.

तिसरा आक्षेप आमच्याच युक्तिवादावर येतो. विशेष अटी मिळतात त्या ज्याच्याविना मालिका अडते त्यालाच. ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेतल्या जे. आर.ला १९८० च्या मार्चमध्ये गोळी लागली आणि ती कोणी झाडली याची चर्चा जगभर चालू असताना जे. आर.ची भूमिका करणाऱ्या लॅरी हॅगमन यांनी घसघशीत मानधनवाढ मिळवली. त्याच अमेरिकेत दुपारच्या मालिकांतले कलाकार वर्षानुवर्षांच्या कराराने बांधलेले असत आणि चॅनल मात्र दर तेरा किंवा सव्वीस आठवड्यांनी त्यांना सोडू शकत असे. काकू, मोलकरीण, शेजारी ही पात्रे करणारे पेन काढूच शकत नाहीत. म्हणूनच आमचा आग्रह खास अटी वाढवण्याचा नाही; त्यांतल्या रास्त अटी सर्वांच्या छापील मसुद्यात नेण्याचा आहे. उदाहरणार्थ, जानेवारी २०२२ मध्ये ‘मुलगी झाली हो’मधून अभिनेते किरण माने यांना काढले गेले. राजकीय पोस्टमुळे हे घडले असे त्यांचे म्हणणे, तर सहकलाकारांशी गैरवर्तन हे कारण असल्याचे दुसऱ्या बाजूचे. खरे काय याचा निवाडा इथे करायचा नाही. पण लेखी कारण, उत्तराची संधी आणि तक्रार समितीसमोर सुनावणी हे टप्पे करारातच स्पष्ट असते, तर दोन्ही बाजूंना वृत्तवाहिन्यांवर आपली बाजू मांडत बसावे लागले नसते.

केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत दूरचित्रवाणी व वेब मालिकांचा समावेश आहे, आणि तिच्या व्याख्येत बसणाऱ्या कलाकाराला लेखी कराराविना कामावर ठेवता येत नाही. १९८१ चा सिने-कामगार कायदा चित्रपटांपुरता होता. ती पळवाट आता राहिली नाही. मसुदे नव्याने करावे लागणारच आहेत. ते वकिलाकडे पाठवण्यापूर्वी निर्मात्यांनी आपल्या मागच्या दोन-तीन मालिकांचे करार काढावेत, कलाकारांनी पेनने लिहून घेतलेल्या अटी एका कागदावर उतरवाव्यात आणि ज्या दोनदा आल्या असतील त्या सरळ छापून टाकाव्यात.