'हे तुमचे कोण?'

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. आधी पुरी वाचा, मग शिव्या घाला.

आपल्या गगनबावड्याची पोरं मुंबई-पुण्याला. पावसाळ्यात बाहेर पडायची सोय नाही, मोठा दवाखाना गाठायचा तर पंचावन्न किलोमीटर कोल्हापूर. म्हातारी माणसं वृद्धाश्रमात जाणार, हे आता सगळ्यांनी मान्य केलंय. पण त्यातली काही समलिंगी असतील म्हटलं की लगेच, "आपल्याकडं असलं काय नसतंय!"

असतंय. मागच्या महिन्यात ओळखीच्या एका काकांना आश्रमात पोचवायला गेलो होतो. (कोण काका, कुठला आश्रम, विचारू नका. त्यांनी याच अटीवर लिहू दिलंय.) मुंबईत तीस वर्षं एका मित्राबरोबर संसार केला. होय, संसारच. मित्र वारला. पेटीत त्याचा फोटो. व्यवस्थापकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हे तुमचे कोण?" काका म्हणाले, "भाऊ."

ऐंशीला टेकलेल्या माणसाला खोटं बोलायला लावायचं, आणि वर म्हणायचं असली माणसं दिसत नाहीत!

सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, लैंगिक कल त्यातच येतो हेही सांगितलं. 6 सप्टेंबर 2018 ला दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध कलम 377 मधून सुटले. म्हणजे सत्तरी ओलांडेपर्यंत काका कायद्याच्या लेखी गुन्हेगारच होते. 2024 मध्ये तर रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा, असं केंद्रानं राज्यांना कळवलं. रेशन दुकानात चालतं ते आश्रमाच्या फॉर्मवर का चालत नाही?

"मग त्यांनी उघड सांगावं की," असं एक जण म्हणाले. का सांगावं? शेजारच्या खाटेवरच्या आजी नवऱ्याचा फोटो उशाला ठेवतात, त्यांना कोण जाब विचारतं? सांगायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सांगितलं तर जेवणाच्या पंगतीत कुजबुज होऊ नये, एवढं बघणं आश्रमाचं काम.

मागणी काही कोटीची नाही. फॉर्मवर 'रक्ताचे नातेवाईक'ऐवजी 'जवळची व्यक्ती' लिहा. प्रत्येकाला कुलपाचं कपाट द्या. फोन ऑफिसात चारचौघांत घ्यायला लावू नका. विश्वस्तांना तसा अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही.

फोटो सध्या पेटीत कपड्यांच्या तळाशी आहे. रविवारी मी पेटीसाठी कुलूप घेऊन जातोय.