आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

शाळा, ग्रंथालये, पतपेढ्या यांच्या कारभाराचा मोठा भार हल्ली सर्व्हर वाहतो. गुणपत्रके, हिशेब, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, सारे काही त्याच्या डिस्कवर साठविलेले असते. अशा सर्व्हरवर अपडेटचे डाउनलोड मध्येच अडून बसले, की पहिला ठपका येतो तो इंटरनेटच्या लाइनवर. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले जाते आणि डाउनलोड पुन्हा तेथेच अडते. डिस्कवर जागाच उरली नसेल, तर दुसरे काय होणार? अपडेट उतरवून घ्यावयास जागा लागते, ते उलगडावयास निराळी लागते, आणि नवे बसेपर्यंत जुनेही ठेवावे लागते.

अडलेले अपडेट तसेच राहू देणे ही क्षुल्लक बाब नव्हे. विंडोजमधील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली होती. ती ज्यांवर बसविलेली नव्हती अशा असंख्य संगणकांत १२ मे रोजी 'वॉनाक्राय' शिरला, आणि इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांस रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती न बसण्याची कारणे अनेक असतात. भरलेली डिस्क हे त्यांतील सर्वांत सहज टाळता येण्याजोगे होय.

परंतु घाईघाईने दिसेल ते पुसून टाकणे हा उपाय आम्हांस त्याहून घातक वाटतो. त्यात सुक्याबरोबर ओलेही जळते. आधी मोजावे, मग काढावे. उबुंटूच्या सर्व्हरवर 'डीएफ' ही आज्ञा कोणता विभाग किती भरला ते सांगते, तर 'डीयू' कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली ते दाखविते. नंतर जे पुन्हा मिळविता येईल तेच प्रथम काढावे. 'एपीटी क्लीन' ही आज्ञा उतरवून ठेवलेली पॅकेजे काढून टाकते. बसविलेल्या सॉफ्टवेअरला त्याने धक्का लागत नाही. जुने कर्नल 'एपीटी ऑटोरिमूव्ह'ने काढावेत. ते हाताने पुसताना चूक झाली, तर सर्व्हर सुरूच होणार नाही. विंडोजच्या सर्व्हरवर आधी अपडेटची सेवा थांबवावी, 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन'मधील 'डाउनलोड' हा फोल्डर रिकामा करावा, आणि मग सेवा पुन्हा चालू करावी. विद्यार्थ्यांचे काम मात्र अन्यत्र प्रत घेतल्यावाचून हलवू नये, कारण ते कोणत्याही कंपनीकडून पुन्हा उतरवून घेता येत नाही.

मोठी डिस्क घ्या म्हणजे झाले, असे काहीजण म्हणतील. गरज असल्यास ती अवश्य घ्यावी. पण निगा नसेल तर मोठे कोठारही अडगळीने भरते. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक शाळेने महिन्यातून एकदा सर्व्हरवरील मोकळी जागा मोजावी आणि ती नोंद, शिक्षकांच्या देखरेखीखाली, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी वहीत ठेवावी. यास पाच मिनिटे पुरतात, आणि अपडेट अडण्यापूर्वीच अडचण ध्यानात येते.