बेडका मेढ्याला, माणूस घरी

आम्ही जावळीतली माणसं. कुणी आशाताई, कुणी टीबीतून उठलेलं, कुणी मुंबईत ओझी उचलून गावी परतलेला माथाडी. आज मेढ्यात बसून हे जाहीर करतो.

मुंबईत एका खोलीत दहा जण झोपतात. एकाला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप लागला, की ‘गावची हवा लागू दे’ म्हणून त्याला एसटीत बसवतात. समजूत जुनी आहे. डोंगरापलीकडे पाचगणीत 1912 साली डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम उभारलं, तेव्हा हवा आणि विश्रांती यांवाचून हाती होतं तरी काय? पण 1956 मध्ये मद्रासेत सुरू झालेल्या अभ्यासानं दाखवलं, की घरी राहून गोळ्या घेणारा सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो.

तरी आमची माणसं खंगतात, कारण रोग सापडायलाच उशीर होतो. खोकल्याची एक बाटली, मग दुसरी, मग ताकदीचं सलाईन. काही अँटिबायोटिकांनी तर चार दिवस बरं वाटतं आणि क्षय झाकला जातो.

म्हणून आमचा हट्ट: खोकला दोन आठवडे टिकला, की बेडका तपासायचाच. लाळ नव्हे, सकाळी चूळ भरून छातीतून खाकरून काढलेला बेडका. गोव्यात बनणारं ट्रूनॅट यंत्र काही तासांत जंतू आहे का ते सांगतं, आणि असला तर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याला लागू पडेल का, हेही. मग कोयनेच्या पाण्यापलीकडच्या आजीनं लाँच, जीप, एसटी करत का यावं? तिच्या बेडक्याची घट्ट झाकणाची डबी मेढ्याला येईल. आणायची जबाबदारी आमची.

साध्या टीबीला औषध सहा महिने. लघवी लालसर होते, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. नाहीतर माणूस घाबरून गोळ्या फेकतो. दुसऱ्या महिन्यात अंग भरतं आणि मुंबईचा फोन येतो. जायचं तर जा, पण निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरची नोंद तिकडच्या दवाखान्यात वळवून, गोळ्या पिशवीत घालून. नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात. ते खात्यात अडकले, तर बँकेत आम्ही सोबत येऊ.

आणि सुनेचं ताट वेगळं मांडू नका. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. खिडकी उघडा, घरातल्या सगळ्यांना तपासा.

चारचौघांत सांगायची लाज वाटली, तर आशाताईंच्या कानात सांगा. डबी घेऊन आम्ही मागच्या दारानं येऊ.