दुर्बिणीचा फायदा काय म्हणे!

आमच्या खानदेशात, जळगाव असो की धुळे, आकाशाचा विषय काढला की घरातलं कोणीतरी मोठं माणूस विचारतंच, "त्याचा फायदा काय? त्या पैशात तापीवर बंधारे बांधा!" आणि भास्कराचार्यांचं नाव निघालं की याच मंडळींच्या अंगावर मूठभर मांस चढतं. "आमच्या पाटणचे!" या दोन गोष्टी एकाच तोंडून ऐकल्या की माझं डोकं फिरतं.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो. रात्री दिवे घालवून भिंतीला टेकून बसा. भिंत दिसत नाही, पण धग लागते. दिवसभर प्यायलेलं ऊन ती अवरक्त किरणांनी परत देत असते. दीर्घिकांमधली धूळ हेच करते (धुळेकरांनी तरी धुळीला हसू नये!). ताऱ्यांचा प्रकाश गिळते आणि अवरक्तात सोडते. साऱ्या दीर्घिकांची मिळून अशी अंधूक धग आकाशभर पसरली आहे. १९८९ साली सोडलेल्या कोबे उपग्रहाच्या नोंदींतून ती हाती लागली. ताऱ्यांनी आजवर दिलेल्या प्रकाशातला जवळपास निम्मा असा धुळीतून आलेला निघाला. म्हणजे नुसत्या दिसणाऱ्या उजेडावर हिशेब मांडला, तर अर्धी वही कोरीच!

ही धग मोजायची आणखी एक वाट आपल्याकडेही आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमध्ये हानले इथे २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण उभारली, २०२४ मध्ये उद्घाटनही झालं. दूरवरून येणारे गॅमा किरण वाटेत या पार्श्वप्रकाशावर आदळून नाहीसे होतात. किती गळाले, त्यावरून तो प्रकाश किती दाट ते काढता येतं.

बंधारे हवेतच हो. पण पाडळसरेचं धरण वर्षानुवर्षं रखडलं ते काय दुर्बिणीमुळे?

असो. चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. आणि दानाच्या यादीत, चक्क त्या काळच्या मराठीत, दर घाण्यामागे पळीभर तेलही लावून दिलंय. 'सिद्धान्तशिरोमणी'तल्या ग्रहगणिताचा त्या तेल्याला काय फायदा होता, ते आधी मला कोणीतरी सांगा.