एका छपराखालीं

एकत्र कुटुंबाचा विषय निघाला, कीं आपल्याकडे अमेरिकेचें नांव दृष्टांतासाठीं हटकून घेतलें जातें. तेथें मुलगा अठरा वर्षांचा झाला कीं घराबाहेर पडतो, आईबाप म्हातारपणीं एकटे राहतात, आणि नवराबायकोचें पटेनासें झालें कीं दोघें दोन वाटांनीं जातात, असें वर्णन करून बोलणारा आपल्या ओसरीकडे समाधानानें पाहतो. या वर्णनांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु ज्या काळांत तेथील घरें भराभर दुभंगूं लागलीं, त्याच काळांत, म्हणजे १९७१ ते १९७५ च्या सुमारास, तो सारा देश संध्याकाळीं काय पाहत बसला होता, हें सहसा कोणी सांगत नाहीं. एका घरांत राहणारीं दोन जोडपीं तो पाहत होता. एका छपराखालीं नांदणाऱ्या तीन पिढ्या पाहत होता. आणि एक चांगलें सुखवस्तु घर डोळ्यांदेखत मोडतांनाहि पाहत होता. या तीन घरांविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम त्या काळाची थोडी कल्पना यावयास हवी. अमेरिकेंत १०० पैकीं सुमारें ९५ घरांत तेव्हां दूरचित्रवाणीचा संच होता. पण कार्यक्रम दाखविणाऱ्या मोठ्या संस्था काय त्या तीनच, सीबीएस, एनबीसी आणि एबीसी. कार्यक्रम टिपून ठेवण्याचें यंत्र घरोघर आलें नव्हतें. त्यामुळें जें लागे तें सर्वांना एकाच वेळीं पाहावें लागे, आणि दुसऱ्या दिवशीं कचेरींत व कारखान्यांत त्याचीच चर्चा होई. आपल्या मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. चाळींतल्या एका संचापुढें सगळा मजला कसा दाटीवाटीनें बसे, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस यांतील गंमत अधिक सांगावयास नको.

दुसरी गोष्ट कायद्याची. कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनीं १९६९ सालीं एका कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९७० पासून तो अंमलांत आला. (हे गृहस्थ स्वतः घटस्फोटाच्या अनुभवांतून गेलेले होते.) त्या कायद्यानें नवऱ्यानें बायकोचा किंवा बायकोनें नवऱ्याचा दोष न्यायालयांत शाबीत करण्याची गरजच उरली नाहीं. इतर राज्यांनीं तोच कित्ता गिरविला. १९७० मध्यें देशांत वर्षाला सुमारें ७ लाख घटस्फोट होत. १९७५ मध्यें त्या आंकड्यानें १० लाखांची मर्यादा पहिल्यानेंच ओलांडली.

आतां पहिलें घर. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत ७०४, हाउझर स्ट्रीट हा त्याचा पत्ता. घर कल्पित, परंतु देशांतील लहानथोरांच्या चांगलें परिचयाचें. 'ऑल इन द फॅमिली' या नांवाची ही मालिका सीबीएसनें १२ जानेवारी १९७१ रोजीं सुरू केली. मूळ कल्पना एका ब्रिटिश मालिकेवरून घेतलेली. नॉर्मन लिअर या निर्मात्यानें तिला अमेरिकन वेष चढविला, आणि एबीसीनें दोनदां नाकारल्यावर ती इकडे आली. सीबीएसलाहि धास्ती होतीच. म्हणून पहिल्या भागापूर्वीं, हा सारा खटाटोप आपल्याच दुबळेपणावर व पूर्वग्रहांवर हंसण्यासाठीं आहे, असा खुलासा पडद्यावर करण्यांत आला. पुढें ओळीनें पांच वर्षें देशांत सर्वांत अधिक पाहिली गेलेली मालिका हीच.

घराचा यजमान आर्ची बंकर हा मालाच्या धक्क्यावरील मुकादम. गोरा, युद्धांतून आलेला, आणि काळ्यांविषयीं, यहुद्यांविषयीं, कॅथॉलिकांविषयीं तोंडाला येईल तें बोलणारा. बायको ईडिथ भोळी, धांवत दार उघडणारी. मुलगी ग्लोरिया, आणि तिचा नवरा मायकेल. हा मायकेल समाजशास्त्राचा विद्यार्थी. मिळकत नाहीं, म्हणून सासऱ्याच्याच घरीं राहतो व त्याच्याच टेबलावर जेवतो. सारांश, हा चक्क घरजांवई! जांवयाला आपल्याकडे दहावा ग्रह म्हणतात. तिकडे सासरा त्याला 'मीटहेड', म्हणजे शुद्ध मठ्ठ, या नांवानें हांक मारी. व्हिएतनामचें युद्ध असो, काळ्या शेजाऱ्यांचें येणें असो, निक्सनचें राजकारण असो, दोघांची झुंज ठरलेली. सासरा ओरडे, जांवई ओरडे, मुलगी मध्यें पडे. आणि इतकें होऊन रात्रीं चौघें त्याच जिन्यानें वर झोपावयास जात.

आपल्या घरांत वाढलेल्या माणसाला हें पाहतांना प्रथम संकोच वाटतो. वडील माणसासमोर, तेहि जांवयानें, आवाज चढवावयाचा! परंतु चारदोन भाग पाहिल्यावर दुसरी एक गोष्ट ध्यानांत येते. त्या घरांत जें मनांत आहे तें जेवणाच्या टेबलावर येतें. १९७२ च्या जानेवारींत एका भागांत ईडिथच्या उतारवयांतील शरीरबदलाचा व त्यामुळें होणाऱ्या चिडचिडीचा विषय आला. ज्या गोष्टी आपल्या माजघरांतहि सासवासुना एकमेकींस कुजबुजत सांगतात, किंवा सांगतच नाहींत, त्या तेथें कोट्यवधि लोकांपुढें, हंशाच्या आवरणाखालीं का होईना, बोलल्या गेल्या. आर्चीला त्यांतलें कांहींहि उमगलें नाहीं, हा भाग निराळा.

मालिकेनें लोकांचे पूर्वग्रह धुवून काढले, असें मात्र कोणी समजूं नये. विद्मार व रोकीच या दोन संशोधकांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें, कीं ज्यांचे पूर्वग्रह मुळांतच घट्ट, त्यांना आर्चीचेंच म्हणणें पटत होतें आणि चेष्टा जांवयाची चालली आहे असें वाटत होतें. १९७२ च्या निवडणुकीच्या हंगामांत आर्चीला अध्यक्ष करा, अशा मजकुराचे बिल्लेहि विकले गेले. हंसणें एकच, पण प्रत्येकजण आपापल्या घरच्या माणसासाठीं हंसत होता.

हें घर एकत्र राहिलें तें कांहीं परंपरेच्या प्रेमानें नव्हे; जांवयाजवळ घरभाड्याला पैसे नव्हते म्हणून. यावरून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. जागेची अडचण आणि पागडी यांनीं आपल्याकडील किती घरें एकत्र ठेविलीं, याचा प्रामाणिक हिशेब कोणी मांडला आहे काय? मायकेलला नोकरी लागतांच १९७५ मध्यें त्यानें वेगळी चूल मांडली. पण कोठें, तर शेजारच्याच घरांत. आर्ची ज्या जुनाट खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसूं देत नसे, ती पुढें १९७८ सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानें ठेवून घेतली. आजोबांची आरामखुर्ची संग्रहालयांत गेली, तेव्हां आजोबा अजून मालिकेंत हयात होते!

दुसरें घर व्हर्जिनियाच्या डोंगरांतलें. 'द वॉल्टन्स' ही मालिका १४ सप्टेंबर १९७२ रोजीं सुरू झाली आणि १९८१ पर्यंत चालली. अर्ल हॅमनर या लेखकानें आपल्याच बालपणावरून ती रचली. सूत्रधाराचा आवाजहि त्याचाच. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. घरची लांकूड कापण्याची गिरणी. आजी, आजोबा, आईबाप आणि सात मुलें. प्रत्येक भागाच्या शेवटीं अंधारांत घर बाहेरून दिसे, एकेक दिवा मालवला जाई, आणि खोल्याखोल्यांतून एकमेकांस शुभरात्र म्हणणारे आवाज ऐकूं येत. एनबीसीवर व एबीसीवर त्याच वेळीं लोकप्रिय कार्यक्रम असल्यामुळें ही मालिका टिकणार नाहीं, असा जाणत्यांचा होरा होता; तो साफ चुकला. मला ती गोड वाटते, पण थोडी अधिकच गोड. त्या घरांतील प्रत्येक कलह तासाभरांत मिटतो. आणि तीन पिढ्या सुखानें नांदतांना पाहण्यासाठीं त्या लोकांना चाळीस वर्षें मागें जावें लागलें, हें कांहीं दृष्टीआड करतां येत नाहीं.

तिसरें घर कल्पित नव्हे. कॅलिफोर्नियांतील सांता बार्बरा येथें बिल व पॅट लाऊड हें दांपत्य आपल्या पांच मुलांसह राहत असे. खाणींच्या यंत्रांचे भाग विकण्याचा धंदा, प्रशस्त घर, मागें पोहण्याचा तलाव, दारांत अनेक मोटारी. क्रेग गिल्बर्ट या निर्मात्याच्या मंडळींनीं १९७१ मध्यें मे महिन्याच्या अखेरीपासून डिसेंबरअखेरपर्यंत या घरांत कॅमेरा लावून सुमारें ३०० तासांचें चित्रण केलें. त्यांतून निवडलेले १२ भाग 'ॲन अमेरिकन फॅमिली' या नांवानें पीबीएस या सार्वजनिक संस्थेनें ११ जानेवारी १९७३ पासून दाखविले. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनीं तर नाटक किंवा कादंबरी यांच्या शोधाइतकी ही गोष्ट महत्त्वाची ठरेल, असा अभिप्राय दिला.

त्या घरांत आरडाओरडा जवळजवळ नाहींच. सगळे एकमेकांशीं सभ्यपणें बोलतात. थोरला मुलगा लान्स न्यूयॉर्कला एका हॉटेलांत राहतो. तो समलिंगी आहे हें उघड दिसतें, आई त्याला भेटावयास जाते, दोघें शहरभर हिंडतात, आणि मुख्य विषयाला कोणी स्पर्श करीत नाहीं. नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाचें दुःख पॅटबाई सविस्तर सांगतात तें भाऊभावजयीजवळ. बिल प्रवासाहून परततात, तेव्हां त्या शांतपणें आपल्या वकिलाचें कार्ड त्यांच्या हातीं देतात व घर सोडावयास सांगतात. तेहि शांतपणें सामान घेऊन निघतात. वीस वर्षांच्या संसाराचा निकाल इतक्या हलक्या आवाजांत लागतो, कीं पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा यावा.

खरें सांगावयाचें तर या तिन्हींत आपल्या घरांशीं मला साम्य दिसलें तें याच घराचें. कॅमेरा, तलाव, मोटारी बाजूस ठेवा. एकमेकांचा मान राखून न बोलणें, तिसऱ्याजवळ मन मोकळें करणें, भांड्याला भांडें लागूं नये म्हणून भांडींच दूर ठेवणें, ही रीति आम्हांस पुरती ठाऊक आहे. आमच्या घरीं तिला शांतता म्हणतात. कित्येक सुना त्या शांततेंत तीस तीस वर्षें काढतात. वकिलाचें कार्ड येत नाहीं इतकेंच.

भवभूतीचें उत्तररामचरित वाचलेल्यांस येथें त्यांतील चित्रदर्शनाचा प्रसंग आठवेल. राम आणि सीता आपल्याच आयुष्याचीं चित्रें पाहतात, आणि तीं पाहून होतात न होतात तोंच लोकापवाद येऊन दोघांची ताटातूट होते. लाऊड मंडळींच्या वांट्यास क्रम उलटा आला. ताटातूट आधीं झाली, चित्रें मागून आलीं, आणि लोकापवाद सर्वांच्या शेवटीं. वृत्तपत्रांनीं त्यांस उथळ ठरविलें, लान्सविषयीं नाहीं नाहीं तें लिहिलें. फेब्रुवारींत पॅटबाई मुलांसह दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतींत येऊन आपली बाजू मांडत होत्या.

चौथें घर ओघानेंच आलें, तें अध्यक्षांचें. त्याच १९७३ च्या मे महिन्यांत वॉटरगेट प्रकरणाची चौकशी सिनेटच्या समितीपुढें सुरू झाली व दिवसादिवसभर दाखविली जाऊं लागली. १६ जुलै रोजीं साक्षींत बाहेर पडलें, कीं अध्यक्ष निक्सन यांच्या कचेरींतील बोलणें १९७१ पासून गुप्तपणें ध्वनिमुद्रित होत होतें. लाऊड मंडळींनीं कॅमेऱ्याला स्वखुशीनें दार उघडलें होतें. येथें यजमानानेंच पाहुण्यांस न सांगतां यंत्र लावलें होतें. ९ ऑगस्ट १९७४ रोजीं तें घर त्यांस सोडावें लागलें. त्या ध्वनिमुद्रणांत एके ठिकाणीं, मे १९७१ मध्यें, अध्यक्षमहाशय आर्ची बंकरच्या मालिकेंतील एका भागाविषयीं आपल्या सहाय्यकांजवळ तक्रार करतांना ऐकूं येतात. तेहि इतरांसारखेच संध्याकाळीं संचापुढें बसलेले होते!

लाऊड कुटुंबाची हकीकत मात्र तेवढ्यावर संपली नाहीं. लान्स डिसेंबर २००१ मध्यें, पन्नाशींतच, वारला. आपले अखेरचे दिवस चित्रित व्हावेत असें त्यानेंच सांगितलें होतें. तो बोलपट २००३ मध्यें दाखविला गेला. त्याची आणखी एक इच्छा होती, कीं आईबापांनीं पुन्हां एकत्र राहावें. त्याप्रमाणें, घर मोडल्याला तीस वर्षें होऊन गेल्यावर, पुन्हां लग्न न लावतां तीं दोघें एका छपराखालीं राहूं लागलीं. बिल २०१८ मध्यें गेले, पॅटबाई २०२१ मध्यें.