केसपेपरवरचे ‘पाय घसरून पडली’
अपघात विभागात डोळा काळानिळा झालेली बाई येते; शेजारी नवरा उभा. केसपेपरवर ‘पाय घसरून पडली’ एवढेच लिहिले जाते. जखमेचा वण दोन-तीन आठवड्यांत जातो. नंतर ती संरक्षण आदेशासाठी दंडाधिकाऱ्यांकडे गेली, तर हाच कागद तिच्याविरुद्ध पुढे केला जाऊ शकतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील नियमांनुसार, घटना अहवाल आधी झालेला नसेल तर रुग्णालयाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. तपासणी अहवालाची प्रतही तिला मोफत द्यायची असते. किती डॉक्टरांना हे ठाऊक आहे? वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अशा महिलांसाठी ‘दिलासा’ केंद्र आहे. पण रात्रपाळीच्या डॉक्टरने नवऱ्याला बाहेर बसवून ‘कोणी मारले?’ हे विचारले, तरच बाई तिथवर पोहोचते.