घोडबंदर रोडवर नेमकं कोण राहतं? उत्तर २०११ मध्येच अडकलंय!

युरोपातला मोनाको हा जेमतेम २ चौरस किलोमीटरचा देश. लोकसंख्या साधारण ३८ हजार. त्यात मोनाकोचे स्वतःचे नागरिक चौघांत एकच. बाकीचे फ्रेंच, इटालियन आणि इतर.

आता ठाण्याचा घोडबंदर रोड बघा. कोलशेत, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही जुनी गावं. आज त्यांना खेटून टॉवर उभे आहेत. पण गावकरी किती आणि बाहेरून आलेले किती, याचा ताजा अधिकृत आकडाच नाही. कारण २०२१ची जनगणना झालीच नाही.

त्यामुळे जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीतही ठाण्याचे प्रभाग २०११च्या १८,४१,४८८ लोकसंख्येवरच आखले गेले. नंतर राहायला आलेल्यांना मत मिळालं, पण प्रभागाच्या हिशोबात ते नव्हतेच. आता पुढची मोजणी २०२७ मध्ये.